कोणत्या सालची?

जुनी गाडी घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या सालची?" जुन्या वस्तूला साल विचारण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. गाय घेताना तिचे कितवे वेत ते विचारतात, स्थळ पाहताना जन्मसाल विचारतात, आणि तांदूळ घेताना 'जुना आहे ना?' अशी खात्री करून घेतात. तांदळाचे बरे असते. तो जितका मुरलेला तितका भात मोकळा. गाईचे नेमके उलटे. मोटारीचे मात्र या दोहोंत बसत नाही. तिथे नवे ते चांगले असेही नाही आणि जुने ते चांगले असेही नाही. मधलेच कुठले तरी एक साल उत्तम असते, आणि ते कोणते हे जाणणारे लोक असतात. 2022 च्या पावसाळ्यापर्यंत मला या शास्त्राचा गंधही नव्हता.

पानशेतच्या पलीकडे आमची दोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे एक खोली बांधली, आंब्याची काही कलमे लावली, आणि मग ध्यानात आले की डांबरी सडक संपल्यापासून खोलीपर्यंतचे जे तीन किलोमीटर आहेत, त्यांना उन्हाळ्यात रस्ता म्हणता येते आणि आषाढात ओढा. आमची लहान मोटार तिथे चिखलात पोटावर बसली. बैलजोडी लावून ती बाहेर काढली त्या दिवशी पत्नी म्हणाली, "एक तर जमीन विका, नाही तर चारी चाकं ओढणारी गाडी घ्या." जमीन विकणे जिवावर येत होते, आणि तसली नवी गाडी निवृत्तिवेतनाच्या आवाक्यातली नव्हती. तेव्हा जुनी जिप्सी घ्यावी असे माझ्या भाच्याने ठरवले. 'ठरवले' हा शब्द मी जाणून वापरतो आहे.

भाचा संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो, पण त्याचा जीव जिप्सीत. एका रविवारी आमच्याकडे बसून त्याने मला या गाडीची सारी बखर ऐकवली, आणि तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवलेला मी वही घेऊन मुकाट्याने टिपणे काढीत राहिलो. 1985 च्या डिसेंबरात मारुतीची पहिली जिप्सी आली. इंजिन 970 सी.सी.चे, शक्ती 45 घोड्यांची, गिअर चार. चढावर तिची फार मनधरणी करावी लागे. 1993 मध्ये डाव्या-उजव्या चाकांतले अंतर 90 मिलिमीटरने वाढले आणि वळणावरची धास्ती थोडी कमी झाली. 1996 मध्ये 'किंग' आली. तिचे इंजिन 1298 सी.सी.चे, घोडे 60, गिअर पाच, आणि बॉनेटवर एक फुगवटा. पुढे 2000 च्या मार्चात कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, झडपा सोळा झाल्या, घोडे 80 झाले, आणि ब्रेकला बूस्टर मिळाला. त्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षे या गाडीत मोठा असा फरक झालाच नाही. पुढचे-मागचे पाटे तेच, अखंड ॲक्सल तेच, हाडे खिळखिळी करणारी बैठक तीच. 2019 मध्ये सुरक्षिततेच्या नव्या नियमांपुढे तिचा निभाव लागेना आणि ती बंद झाली.

"तेव्हा मामा," भाच्याने निकाल दिला, "दोन हजारच्या मार्चनंतरची हवी. पण फार पुढचीही नको, तिची किंमत आपल्याला झेपायची नाही. दोन हजार ते दोन हजार तीन, बस्स. लोक कार्बोरेटरची दाखवतील. घ्यायची नाही."

आमच्या पेठेतल्या गॅरेजच्या मिस्त्रीचे मत अगदी उलटे पडले. तो म्हणाला, "मास्तर, कार्बोरेटरवाली रानात बंद पडली तर एका स्क्रू-ड्रायव्हरवर सुरू करता येते. इंजेक्शनवाली बंद पडली तर तिला कॉम्प्युटर लावावा लागतो. तुमच्या ओढ्यात कॉम्प्युटर कोण आणणार?" त्याच्या लेखी उत्तम साल म्हणजे 1998.

मला मौज वाटली. दोघेही जाणते, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचे उत्तम साल निराळे. म्हणजे 'उत्तम' या शब्दाला 'कशासाठी' हे शेपूट जोडल्याशिवाय अर्थ नाही. शिवाय जे साल उत्तम ठरते त्याची त्या साली कोणालाच दाद नसते. 2000 साली कारखान्यात बोल्ट आवळणाऱ्या माणसाला आपण उत्तम सालात उभे आहोत हे कुठे ठाऊक होते? ते मागून येणारे लोक ठरवतात, आम्ही इतिहासवाले एखाद्या शतकाला सुवर्णयुग ठरवतो तसे. आणि तेही ठरते जातीबद्दल. समोर उभ्या असलेल्या एका गाडीबद्दल नाही. शिक्षकांच्या खोलीत 'अमक्या सालची तुकडी फार हुशार' असे आम्ही नेहमी म्हणत असू. पण त्या हुशार तुकडीतही तीनदा नापास झालेला एक मुलगा असे, आणि टाकाऊ तुकडीतून एखादी मुलगी थेट सरकारी शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडे. कारखान्यातून बाहेर पडल्यावर वीस-बावीस वर्षांत त्या एका गाडीला कोणी कसे वागवले, हे सालाच्या आकड्यात कुठे उमटते? तेव्हा सालाचे फार स्तोम माजवू नये, गाडी कशी वापरली ते पाहावे.

हा विचार मला इतका पटला की मी तो त्याच वहीत लिहून ठेवला. पुढे तोच मला नडला.

कऱ्हाडला एक गाडी आहे असे भाच्याला कोणाकडून तरी कळले. एका डॉक्टरांची. ते आदल्या वर्षी वारले होते, गाडी त्यांच्या पत्नीच्या नावावर झाली होती, आणि ती विकावयाची होती. आम्ही दोघे गेलो. वाड्याच्या मागे पत्र्याच्या शेडात पांढरी जिप्सी उभी होती. डॉक्टर तिच्यातून कोयनेच्या खोऱ्यातली गावे करीत असत. रुग्णाला आडवे निजवता यावे म्हणून मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसेल अशी एक फळी त्यांनी सुताराकडून करून घेतली होती. ती अजून तिथेच होती. बाई म्हणाल्या, "या गाडीत दोन बाळंतपणं झाली आहेत. त्यातला एक मुलगा आता पोलिसात आहे."

भाचा अंगाखाली पोते घालून गाडीखाली शिरला. चासी ठोकून पाहिली, पाटे पाहिले, पुढच्या चाकांचे हब फिरवले. चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून जाळी झाला होता. मग त्याने बॉनेट उघडले आणि तो क्षणभर काही बोललाच नाही. कागद पाहिले. बनावटीचा महिना होता मे, साल 2000. माझ्या कानाशी येऊन तो पुटपुटला, "मामा, इंजेक्शनची आहे. तीन लाखांच्या खाली कुठे मिळायची नाही."

बाईंनी पावणेदोन सांगितले.

"ह्यांनी नव्व्याण्णवात पैसे भरले होते," त्या म्हणाल्या. "गावातला एक एजंट पाहून गेला. म्हणाला, कार्बोरेटरची जुनी किंग आहे, पावणेदोनच्या वर कोणी देणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही शिक्षक माणूस, म्हणून विचारते. सालाने एवढा फरक पडतो का हो?"

भाच्याने माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला नसता तरी चालले असते.

मी म्हणालो, "बावीस वर्षांच्या गाडीला सालाचं काय घेऊन बसायचं, बाई? गाडी कशी वापरली ते खरं."

वाक्य माझेच होते, वहीतले. त्यात असत्य असे एक अक्षर नव्हते. आम्ही साल पाहूनच पुण्याहून इतक्या लांब आलो होतो, एवढे मात्र मी सांगितले नाही. बाई "मग ठीक आहे" म्हणाल्या, पोहे केले, वर पेढा ठेवला. मी अकरा हजार इसार दिला. कागदावर सही करताना त्यांनी डॉक्टरांच्या फोटोकडे एकदा पाहिले, की मला तसे वाटले, कोण जाणे.

त्या रात्री झोप आली नाही. नोकरी करताना मी रात्रीच्या कॉलेजात कायद्याची पदवी घेतली होती. वकिली कधी केली नाही, पण पुस्तके कपाटात आहेत. 1872 चा करार कायदा काढला. त्याचे सतरावे कलम कपटाबद्दल आहे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असे ते सांगते, आणि खाली दाखले देते. लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्याची खोड ठाऊक आहे पण तो बोलत नाही. हे कपट नाही. दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव बदलल्याची खाजगी बातमी आहे. ती सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. वाचून मला पुष्कळ बरे वाटले. पण मध्ये आणखी दोन दाखले आहेत. घोडा घेणारी आपलीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे भाग आहे. आणि घेणारा म्हणाला की 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा धडधाकट समजेन', तर तिथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच आहे. बाई माझ्या मुलगी नव्हत्या. पण त्यांनी विचारले होते, आणि मी तर गप्पसुद्धा राहिलो नव्हतो.

अमेरिकेतला एक खटलाही आठवला. 1815 साली न्यू ऑर्लिन्सच्या एका व्यापाऱ्याला इंग्लंडशी तह झाल्याची बातमी इतरांच्या आधी लागली. त्याने सकाळीच जाऊन तंबाखूचा मोठा सौदा केला. विकणाऱ्याने विचारले, भाव चढेल अशी काही बातमी आहे का? हा बोलला नाही. बातमी फुटली, भाव चढला, भांडण 1817 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी सांगितले की बातमी सांगण्याचे बंधन घेणाऱ्यावर नाही. मात्र दुसऱ्याची फसगत होईल असे काही बोलण्या-करण्यापासून दोघांनीही जपले पाहिजे. पहिल्या वाक्यात मी सुटत होतो, आणि दुसऱ्यात पुन्हा अडकत होतो.

एक गोष्ट मात्र त्या रात्री लक्षात आली. जुन्या मालाच्या बाजारात लबाडी करतो तो विकणारा, असे आपण धरूनच चालतो. 1970 साली जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि पुढे 2001 साली त्याला जे नोबेल मिळाले त्यात या निबंधाचा वाटा मोठा. विकणाऱ्याला गाडीतली खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, आणि मग चांगली गाडी असलेला माणूस बाजारात येतच नाही, असा त्याचा युक्तिवाद. ज्याला जास्त कळते तो घेणारा असला तर काय होते? त्याचे उत्तर कऱ्हाडच्या शेडात उभे होते.

आणि शेवटी रोमन लोक. सिसेरोने इ.स.पूर्व 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात स्कीव्होला नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. त्याला एक जमीन घ्यायची होती. मालकाने भाव सांगितला. स्कीव्होला म्हणाला, माझ्या मते ती याहून जास्त मोलाची आहे, आणि त्याने सांगितलेल्या भावावर एक लाख नाणी जास्त मोजली. सिसेरोची टिप्पणी मार्मिक आहे. हे सज्जनाचे वागणे आहे हे कोणी नाकारीत नाही, शहाण्याचे आहे हे मात्र लोक नाकारतात, असा तिचा आशय. आणि सज्जनपणा एकीकडे व शहाणपण दुसरीकडे अशी वाटणी करणे हेच त्याला घातक वाटते.

सकाळी हे सगळे मी पत्नीला सांगितले. कलम, तंबाखू, स्कीव्होला, सगळे. ती मेथी निवडीत होती. म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही गेलात, मी ही गाडी विकायला काढली, आणि असाच एखादा शिक्षक आला, तर?"

यानंतर मी लगेच कऱ्हाडला फोन केला असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी केला नाही. कारण अगदी साधे होते. आमच्याजवळ तीन लाख नव्हते. सांगितले असते आणि बाईंनी खरा भाव मागितला असता, तर गाडी गेली असती. पुन्हा तो ओढा, ती बैलजोडी, आणि कदाचित जमीन विकणे. तेव्हा मी मनाशी तडजोड केली की आधी गाडी आणू, मग जमेल तसे पाहू. उरलेले पैसे दिले आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून जिप्सी दारात आणली. परतीच्या पावसाने ओढ्याला पाणी होते. भाच्याने गाडी थांबवून लो रेंज लावला, आणि ती कुरकुरत, हलत, पण कुठेही न अडता पलीकडे चढली. पत्नीने टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला होता की खोलीपाशी उतरेपर्यंत बाईंची आठवणसुद्धा झाली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण झाले ते तसे झाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आठवण झाली. आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून जमाखर्चाची वही पुजेत ठेवतात. तीत मी गाडीची रक्कम लिहिली होती : एक लाख पंचाहत्तर हजार. आकडा बरोबर होता. हळद-कुंकू वाहून मी ती मिटली खरी, पण पुढच्याच आठवड्यात एक ठेव मोडून पंचाहत्तर हजार काढले आणि एस.टी.ने कऱ्हाडला गेलो. जिप्सी घेऊन जाण्याचे धैर्य झाले नाही.

बाईंना सर्व सांगितले. मे महिना, इंजेक्शन, तीन लाख. सगळी भरपाई करणे झेपत नाही, हे एवढे घ्या, म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"सालाचं काय घेऊन बसायचं, म्हणालात."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, ठाऊक आहे? कदाचित तुम्हालाच दिली असती, त्याच भावात. ह्यांची गाडी पुन्हा डोंगरात जाणार म्हणून मला बरं वाटलं होतं. एजंटाला दिली असती तर कोणी टप काढून वरातीत फिरवली असती." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "पण मग ते मी दिलेलं असतं."

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी पैसे दोनदा मोजले, आत जाऊन कपाटात ठेवले, आणि एक पावती लिहून आणली, तारीख घालून, रक्कम अक्षरी लिहून. मी पावती मागितली नव्हती. चहा विचारला नाही. मी उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या, एवढेच म्हणाल्या, "ती फळी राहू दे गाडीत."

परतीच्या एस.टी.त मला स्कीव्होला पुन्हा आठवला. त्याने जास्तीचे पैसे दिले ही गोष्ट मी इतकी वर्षे ध्यानात ठेवली होती. ते त्याने सौदा होण्याआधी दिले, ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती. मालक त्या वेळी अजून मालक होता. 'नको, सांगितलेलेच द्या' असे म्हणण्याची मोकळीक त्याला होती. मी बाईंपासून सव्वा लाख रुपये ठेवून घेतले होते, असे मी समजत होतो. त्याहून मोठे काहीतरी ठेवून घेतले होते, आणि ते ठेव मोडून परत करता येण्यासारखे नव्हते.

पत्नीला पावती दाखवली. तिने ती जमाखर्चाच्या वहीत, त्याच पानावर, टाचणीने लावली. भाच्याचे मत अजून बदललेले नाही. तो म्हणतो, "मामा, तुम्ही जगातले एकमेव गिऱ्हाईक असाल की ज्याने गाडी घरी आणून भाव वाढवून दिला." मिस्त्रीला ही हकिकत सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला की मुळात कार्बोरेटरचीच घ्यायला हवी होती. हेही खरेच.

2025 साली गाडीच्या नोंदणीची मुदत संपली, ती नूतनीकरण करून घेतली. आता माझ्या गुडघ्यांना तिची बैठक सोसत नाही, म्हणून ती विकावी असे ठरले आहे. फोन येतात. पहिला प्रश्न तोच, "कोणत्या सालची?" मी सांगतो : मे 2000, इंजेक्शनची, मार्चनंतरची म्हणून हिला मागणी जास्त. पायाखालचा पत्रा नवा लावला आहे, पण मागे गंज पुन्हा धरू लागला आहे. ट्रान्स्फर केस लो रेंजमध्ये कण्हते. किलोमीटरचा काटा डॉक्टरांच्या काळात एकदा बदललेला होता, तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नका. मागे एक फळी आहे, ती काढायची नाही, अशी एक अट आहे.

गेल्या रविवारी एक तरुण हे सगळे नीट ऐकत होता. माझे संपल्यावर म्हणाला, "काका, तुम्ही स्वतः होऊन एवढं सांगताय, म्हणजे खरं काय ते वेगळंच असणार," आणि त्याने फोन ठेवला. गाडी अजून खोलीशेजारच्या कलमाखाली उभी आहे.